मीठ ठेवायचं की नाही? वीकेंडच्या पाहुण्यांसाठी घर किती भरून ठेवावं

पत्र : ताई, अलिबागजवळ नागावला आमचं छोटं रो हाऊस आहे, दोन बेडरूम, सहा माणसं आरामात झोपतात. आम्ही स्वतः ठाण्याला राहतो. दिवाळीपासून ते अ‍ॅपवरून वीकेंडला भाड्याने द्यायला लागलो, रात्रीचे आठ हजार घेतो. साफसफाईला शेजारच्या काकू आहेत. सुरुवातीला मी किचन घरच्यासारखं भरून ठेवलं होतं, तेल, डाळ-तांदूळ, मसाले, शाम्पूच्या मोठ्या बाटल्या, सगळं. एका ग्रुपने दोन दिवसांत लिटरभर तेल संपवलं, वर दोन टॉवेल आणि शाम्पू घेऊन गेले. सासूबाई म्हणाल्या, धर्मशाळा आहे का, उचल सगळं. उचललं. तर लगेच पुढच्या पाहुण्यांनी तीन स्टार दिले, 'घर छान पण किचनमध्ये मीठसुद्धा नाही'. मिस्टर म्हणतात हॉटेलसारखं सगळं द्यायचं. मी मधल्यामधे अडकलेय. नक्की किती द्यायचं असतं हो? — ठाण्याची एक वाचक

उत्तर :

अहो, तुमच्या घरात दोन पार्ट्या झाल्यात आणि दोन्ही टोकाला बसल्यात. सासूबाईंचं अगदीच चूक नाही, लोक नेतात, मी स्वतः कर्द्याला दोन खोल्या चालवते, मला काय नवीन नाही ते. आणि मिस्टरांचं हॉटेलचं म्हणणं ऐकायला छान आहे पण हॉटेलात रोज सकाळी एक माणूस खोलीत येऊन काय संपलं ते बघतो आणि तिथल्या तिथे भरतो, तुमच्याकडे तसं कोण आहे? तुम्ही ठाण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणार. त्यामुळे हॉटेलचा हिशोब तुम्हाला लागू नाही आणि धर्मशाळेचा तर नाहीच नाही.

मी एकच प्रश्न विचारते, आणि तुम्हीही प्रत्येक वस्तूला तोच विचारा : ही वस्तू पाहुण्याला पहिल्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी लागेल का? लागणार असेल तर ती तुम्ही द्यायची. त्यानंतर लागणार असेल तर ती त्याची तो आणेल, नागावात किराणा आहे, अलिबागचं मार्केट जवळ आहे, कोणी उपाशी राहत नाही.

पहिली संध्याकाळच का, तर तुमचे पाहुणे येतात कसे ते बघा ना. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघणार, वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकणार, पोरं गाडीत पेंगुळलेली, नागावात पोचेपर्यंत साडेदहा-अकरा, दुकानं कधीच बंद झालेली. अशा वेळी त्या बाईला पिशवीतून आणलेली मॅगी करायची असते किंवा नुसता चहा हवा असतो, आणि ती डबे उघडून बघते तर सगळे रिकामे. तिने तीन स्टार दिले ते मिठासाठी नाही दिले, त्या अकरा वाजताच्या वैतागासाठी दिले. हेच मीठ शनिवारी दुपारी नसतं तर तिने कोणालातरी कोपऱ्यावर पाठवलं असतं आणि विसरून गेली असती.

आता तेलाचं. लिटरभर तेल संपलं याचं मला खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. अलिबागला येणारा ग्रुप सकाळी मार्केटात जाऊन सुरमई नाहीतर बांगडे उचलतो, मग कोणीतरी हौशी माणूस, बहुतेक वेळा घरी कधी गॅसजवळ न फिरकणारा, तव्यासमोर उभा राहतो आणि रवा लावून एकेक तुकडी तळत बसतो, मधेच कोणी भजीची फर्माईश करतं, आणि समोर लिटरची पिशवी उघडी असली की कोण मोजून ओततंय. स्वतःच्या घरी हीच माणसं पळीने तेल घालतात. म्हणजे चोरी वगैरे काही नाही, समोर जेवढं ठेवाल तेवढं वापरलं जातं, एवढंच. अर्धा लिटर ठेवा, अर्ध्या लिटरात भागवतील, कमी पडलं तर आणतील, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही कारण सुरुवात तर झाली ना तुमच्या तेलावर.

म्हणून माझं म्हणणं असं की डबे भरून ठेवायचे नाहीत, बुकिंगला एक पिशवी ठेवायची. सहा माणसं, दोन रात्री धरून सांगते. चहा माणशी दिवसाला तीन कप धरला तर छत्तीस कप होतात, कपाला दोन-अडीच ग्रॅम पावडर, म्हणजे १०० ग्रॅमचा एक पुडा पुरतो. साखर कपाला दहा ग्रॅम धरा, अर्धा किलोत चहा होऊन थोडी उरते. दूध एक लिटर, पण टेट्रापॅकचं, कारण पाहुणे यायच्या आधी बराच वेळ लाईट गेली तर फ्रीजमधली पिशवी नासते आणि नासलेल्या दुधाचा वास ही घराची पहिली ओळख होते. तेल अर्धा लिटरची बंद पिशवी, शेजारी ओतून ठेवायला एक रिकामी धुतलेली किटली. मिठाचा छोटा पुडा, तिखट-हळद पन्नास-पन्नास ग्रॅम. भांडी घासायचा साबण नवा, घासणी नवी, ही घासणी तर नवीच पाहिजे, दुसऱ्याची वापरलेली कोणाला हातात धरवत नाही. कचऱ्याच्या पिशव्या दोन रंगाच्या, ओला-सुका. काडेपेटी नको, कोकणात ती सादळते, लायटर ठेवा. बाथरूममधला माल धरून हे सगळं माझ्या हिशोबाने चारेकशे रुपयांत बसतं. तुम्ही दोन रात्रींचे सोळा हजार घेता, म्हणजे शेकडा अडीच झाले. तेवढ्यासाठी रिव्ह्यू घालवायचा? दात कोरून पोट भरत नाही हो. फारच लागलं मनाला तर रात्रीचे दोनशे वाढवा, आठ हजार देणारा आठ हजार दोनशे देताना अडत नाही, पण मीठ नसलं की मात्र अडतो.

आणि हे सगळं बंद पुड्यात पाहिजे यावर मी एवढी का अडून बसलेय ते सांगते. तुम्ही एकदा पाहुण्याच्या नजरेने ते कपाट उघडून बघा. कडेला अर्धी शाम्पूची बाटली, लेबल भिजून सुटलेलं, झाकणाला कोणाचातरी केस. हळदीची पुडी रबर लावून गुंडाळलेली, आत गोळे झालेले. चहाच्या डब्यात साखरेचे दाणे आणि साखरेच्या डब्यात मुंग्या. तीन वेगवेगळ्या ग्रुपनी सोडलेली तीन कंपन्यांची लोणची. एक ना धड भाराभर चिंध्या. तुम्हाला वाटतं आपण किती दिलंय, आणि पाहुण्याला वाटतं हे कोणीतरी टाकून गेलेलं आपल्या गळ्यात मारतायत. मोकळं आणि पुसलेलं कपाट परवडलं, पण हे नको. मिठाचं तर पावसाळ्यात बघायलाच नको, स्टीलच्या डबीत ठेवलं तर आठ दिवसांत पाणी सुटतं आणि डबीला आतून गंज धरतो, बरणीत ओतून ठेवायचंच असेल तर काचेच्या ठेवा आणि तळाला चार तांदळाचे दाणे टाका, पण त्यापेक्षा पुडाच बरा.

डाळ-तांदूळ, कणिक, गोडा मसाला, पोहे हे काही ठेवू नका. ज्याला स्वयंपाक करायचाय तो आपल्या सवयीचं घेऊन येतो, आणि ज्याला करायचा नाही तो बाहेर जेवतो. पडून राहिलं की टोके होतात.

हे झालं संपणाऱ्या वस्तूंचं. पण माझा अनुभव असा की खरी बोंब होते ती न संपणाऱ्या वस्तूंवरून, ज्या पाहुणा ठाण्या-पुण्याहून उचलून आणूच शकत नाही. चहाचं गाळणं. सांडशी. धार असलेली सुरी, आणि मासे साफ करणारं कोणी असेल तर विळी. कुकरची रिंग, जी सुकून कडक झालेली असते आणि मग कुकर नुसता वाफ सोडत बसतो. पोळपाट-लाटणं. ओपनर. इथे हात आखडता घेऊ नका, पण भारीतलंही आणू नका. नॉनस्टिक तवा तर मुळीच नको, पहिल्या महिन्यात कोणीतरी त्यावर स्टीलचं उलथणं घासतं आणि तो गेला. लोखंडी तवा ठेवा, मासे त्यावरच चांगले होतात. आणि ताटं मोजून ठेवा, सहा माणसांना आठ. बारा ठेवलीत तर बाराही रविवारी दुपारी सिंकमध्ये असणार, कारण स्वच्छ ताट मिळतंय तोवर सुट्टीवर आलेला माणूस जुनं धूत नाही. पाहुणे पेपर प्लेट मागतील, त्यांना हवं तर त्यांच्या आणू देत, पण तुम्ही थर्माकोल-प्लास्टिकच्या प्लेट-चमचे भरून ठेवू नका, राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर आहे.

गॅसचं नीट ऐका. घरगुती १४.२ किलोचा सिलेंडर धंद्याला वापरता येत नाही, तुम्ही पैसे घेऊन घर देता, तर एजन्सीशी बोलून १९ किलोचा कमर्शियल घ्या आणि एक भरलेला कायम राखीव ठेवा. सिलेंडर बदलायचं काम काकूंचं किंवा त्यांच्या घरातल्या कोणाचं, पाहुण्याचं नाही. एखादी इंडक्शन शेगडी असू द्या, रात्री बारा वाजता गॅस संपला तर निदान बाळाचं दूध तरी गरम होईल.

पाणी. समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं, शहरातल्या माणसाला ते प्यायला देऊ नका आणि फिल्टर आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. वीस लिटरचा जार ठेवा, सहा जणांना उन्हाळ्यात दिवसाला एक लागतो, पहिला तुमच्याकडून, पुढचे जारवाल्याच्या नंबरवर फोन करून त्यांचे त्यांनी. जाताजाता, असल्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही आणि पाहुण्याला वाटतं साबण हलका ठेवलाय. म्हणून बाथरूममध्ये वडीपेक्षा लिक्विड बॉडी वॉश बरा पडतो. भिंतीला पक्के बसवायचे डिस्पेन्सर मिळतात, एकात बॉडी वॉश, एकात शाम्पू, आणि बेसिनपाशी हँडवॉश. पाच लिटरच्या कॅनमधून भरा. भिंत उखडून कोणी नेत नाही. तुमचा शाम्पूचा प्रश्न इथेच मिटला.

टॉयलेट रोल प्रत्येक बाथरूममध्ये एक लावलेला, एक बंद. पण त्याहून महत्त्वाचं, जेट स्प्रे चालू आहे ना आणि बादली-मग आहे ना ते बघा, शॉवर कितीही छान असला तरी आपल्या माणसाला बादली लागतेच, विशेषतः बरोबर आजी-आजोबा असतील तर, आणि एक प्लास्टिकचं स्टूलही. कपाटात सॅनिटरी पॅडचं एक पाकीट आणि कागदी पिशव्या ठेवा. महिनोन् महिने कोणी हात लावणार नाही, आणि ज्या दिवशी लागेल त्या दिवशी ती बाई तुम्हाला मनापासून मेसेज करेल.

डासांचं मशीन प्रत्येक खोलीत. नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधे संध्याकाळी काय डास असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. मशीन कोणी बॅगेत घालून आणत नाही. रिफिल उजेडात धरून बघायचा, तळाला गेला असेल तर बदलायचा, आहे तोवर चालवू म्हणत बसायचं नाही.

आता टॉवेल. दोन टॉवेल गेले म्हणता, त्यातला एक चोरीला गेला असेल, नाकारत नाही, पण बऱ्याचदा काय होतं की तुमचा टॉवेल घेऊन माणसं बीचवर जातात, परत येताना ओला वाळूचा टॉवेल गाडीच्या डिकीत टाकतात आणि तो तसाच डोंबिवलीला पोचतो. मग लाजेखातर कोणी परत पाठवत नाही. यावर उपाय म्हणजे दाराजवळच, पाय धुवायच्या नळापाशी, चार-सहा स्वस्तातले पंचे वेगळ्या रंगाचे टांगायचे आणि वर लिहायचं 'समुद्रावर न्यायला'. पंचा गेला तर गेला. आतले टॉवेल माणशी एक, ४०० ते ४५० जीएसएमचे घ्या, जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तेवढा टॉवेल जाड. मिस्टर हॉटेलसारखे जाडजूड सहाशेवाले आणतील, नको म्हणा, कोकणच्या हवेत ते वाळत नाहीत आणि कुबट वास मारतात. आपल्या धंद्यात साधा हिशोब असतो, तीन जोड : एक अंगावर, एक धुवायला, एक कपाटात. पावसाळ्यात चौथा लागतो किंवा मग ड्रायर असलेली लॉन्ड्री गाठायची. रंग पांढरा घेतलात तर ब्लीच करता येतं, पण काजळ आणि हेअर डाय बघून मी तरी मरून रंगावर आलेय. तोंड पुसायला छोटे गडद नॅपकिन वेगळे ठेवले की मोठे टॉवेल बरेच वाचतात.

औषधांचं विचारलं नाहीत पण सांगते. पट्टी, कापूस, डेटॉल, भाजल्यावरचं मलम एवढंच डब्यात. गोळ्या ठेवू नका, कोणाला कसली अ‍ॅलर्जी असेल काय माहीत आणि तारीख उलटून गेलेली गोळी कोणी बघत नाही. त्याऐवजी फ्रीजवर कागद लावा, जवळच्या डॉक्टरचा नंबर, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाचा, मेडिकलचा, किराणावाल्याचा, जारवाल्याचा.

तुम्ही पत्रात काकूंबद्दल एकच ओळ लिहिलीत, पण मला वाटतं तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग तिथेच आहे. पाहुणे गेल्यावर उरलेलं तेल, अर्धी साखर, उघडं दूध, याचं काय होतं? तुम्हाला माहीत नाही, बरोबर? काकू नेत असतील तर त्यात वाईट काही नाही, पण ते न बोलता चालतं म्हणून तुम्हाला कळत नाही पाहुण्यांनी किती वापरलं आणि किती घरी गेलं, आणि मग सगळा राग पाहुण्यांवर. एकदा स्पष्ट सांगून टाका की काकू, उघडलेलं जे उरेल ते तुमचं, बंद पुडे परत कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली काकूंकडेच, बुकिंग आलं की त्यांनी एक पिशवी काढायची, ओट्यावर मांडायची आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. ओट्याचा एक, प्रत्येक बाथरूमचा एक, बेडचा एक. तुम्ही ठाण्यात चहा पिताना अर्ध्या मिनिटात बघाल की लायटर दिसत नाहीये. संशय घेतला असं त्यांना वाटू देऊ नका, उलट मोबदला थोडा वाढवा आणि सांगा की हा फोटोचा.

काकूंच्या हातचा आगरी-कोळी मसाला असेल, कोकमाचं आगळ असेल तर ते फुकट देऊ नका, विकायला ठेवा, दराची चिठ्ठी लावून. मोसमात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची एक माळ मात्र किचनमध्ये टांगा, ती फुकट. लोक तिचा फोटो काढतात, दोन-चार कांदे कोशिंबिरीला तोडतात आणि जाताना रस्त्यावरून स्वतःसाठी विकत घेतात.

अ‍ॅपवर काय लिहिलंय ते आज रात्री उघडून बघा. तिथे 'इसेन्शियल्स'वर टिक केलेली असेल तर त्याचा अर्थ टॉवेल, चादरी, उशी, साबण, टॉयलेट पेपर, एवढं असलंच पाहिजे, मग सासूबाई काहीही म्हणोत. किचनबद्दल मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे साधं लिहा : चहा, साखर, दूध, मीठ, तिखट, हळद आणि अर्धा लिटर तेल आम्ही ठेवतो, बाकी किराणा आणावा, दुकान अमुक मिनिटांवर. बुकिंग पक्कं झालं की हाच मेसेज परत पाठवा, कारण लिस्टिंग कोणी पूर्ण वाचत नाही. आणि त्या तीन स्टारवालीला खाली उत्तर लिहा, वाद न घालता, की गैरसोय झाली, आता पहिल्या दिवसाचं सामान आम्ही ठेवतो. ते उत्तर तिच्यासाठी नसतं, पुढे बुकिंग करणारा वाचतो.

राहता राहिले ते पंधरा-पंधरा दिवस लॅपटॉप घेऊन राहायला येणारे. त्यांनाही हीच एक पिशवी द्यायची, पंधरा दिवस पुरवायचं नाही. फक्त आठवड्याने चादरी-टॉवेल बदलायचे, बाथरूमचे डिस्पेन्सर आणि रोल बघायचे, आणि दर कमी केलेला असेल तर लाईट बिलाचं आधी बोलून ठेवायचं, कारण तिथे साखरेपेक्षा एसी महाग पडतो.